विमानाचं नाक आणि विमानाची वाट

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हाच वाद आमच्या घरी जेवणाच्या ताटावर झालेला आहे. समोर माझा धाकटा भाऊ होता, आणि आमटी निवेपर्यंत तो हरला नव्हता.

आधी प्रश्न नीट मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही आणि तुमचा मुलगा नाशिकबाहेर दहाव्या मैलाजवळ गाडी बाजूला लावून ओझरच्या विमानतळावर उतरणारं विमान पाहत होतात. ते खाली येत होतं, पण नाक वर करून. तुमचं म्हणणं, उतरायचं तर नाक खाली हवं. मुलगा एरोनॉटिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याची शंका पुढची: पुस्तकात लिहिलंय की पंख साधारण १५-१६ अंशांना स्टॉल होतो, म्हणजे हवा त्याच्यापासून सुटते आणि उचल कोसळते, आणि यूट्यूबवर प्रत्येक वैमानिक टेकऑफला १५ अंश नाक वर करताना दिसतो. मग दर टेकऑफला विमान पडायला हवं. पडत का नाही?

मी बावीस वर्षं प्रवासी विमानं उडवली. पहिली दोन वर्षं बोईंग ७३७, मग एअरबस ए३२० आणि ए३२१, आणि शेवटी सिम्युलेटरमध्ये शिकवलं. तुमच्या मुलाची शंका दर बॅचमध्ये एकाला तरी असते. ज्याला नसते त्याला कळलंय असं नाही, तो बहुधा विचारायला लाजतो.

तुम्हा दोघांचे प्रश्न वेगळे दिसले तरी गोम एकच आहे. विमानाला दोन वेगवेगळे कोन असतात आणि दोन्ही ‘नाक वर’ या एकाच शब्दात कोंबले जातात. एक कोन जमिनीच्या हिशेबात, म्हणजे क्षितिजापासून नाक किती वर. याला आम्ही पिच म्हणतो. दुसरा वाऱ्याच्या हिशेबात, म्हणजे समोरून येणारी हवा पंखाला कोणत्या कोनात भेटते. याला पाठ्यपुस्तकात अँगल ऑफ अटॅक म्हणतात, आम्ही नुसतं ‘अल्फा’. पंखाला क्षितिज दिसत नाही. तो फक्त अल्फा ओळखतो. त्याची उचल अल्फावर आणि त्याचा स्टॉलही अल्फावर.

हे दोन कोन एकच वाटतात याचं कारण आपली सगळी वाहनं. मुंबईहून येताना कसाऱ्याला गाडी थांबते, मागून बँकर इंजिनं जोडतात आणि गाडी इगतपुरीचा घाट चढायला लागते. तो चढ ३७ ला १ आहे, म्हणजे जेमतेम दीड अंश. डब्याची फरशी दीड अंश वर झुकलेली आणि गाडीही दीड अंशानेच वर चाललेली. नाक जिकडे, गाडी तिकडे. दुसरं काही शक्यच नाही, खाली रूळ आहेत. विमानाला रूळ नाहीत. त्याचं नाक एकीकडे असतं आणि ते जातं थोडं दुसरीकडे. या दोन दिशांमधला फरक म्हणजेच अल्फा. हा फरक शून्य झाला तर बहुतेक विमानांना पुरेशी उचलच मिळणार नाही. तुम्हाला जे चुकीचं वाटलं, त्याच्याच जोरावर विमान उडतं.

आता रस्त्याने घाट चढतोय अशी कल्पना करा. तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढलाय (करू नका, मागून ट्रक असतात) आणि तळवा गाडीच्या फरशीला समांतर धरलाय. रस्ता पाच अंश चढतोय. क्षितिजाच्या हिशेबात तळवा पाच अंश वर आहे. पण गाडीही त्याच दिशेने चाललीय, म्हणून वारा तळव्याला सरळ समोरून लागतो. पिच पाच, अल्फा शून्य, हात उचलला जात नाही. आता सपाट रस्त्यावर तळवा तेवढाच पाच अंश तिरपा करा. पिच तोच पाच, पण आता अल्फाही पाच, आणि हात वर उडतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा तळवा सारखाच दिसेल.

हिशेब एवढाच: नाकाचा कोन वजा वाटेचा कोन म्हणजे अल्फा. वाट वर जाणारी असेल तर अधिक, खाली जाणारी असेल तर उणे. पंख सरळ आहेत, विमान वळत नाही आणि हवा शांत आहे, असं धरलेलं आहे. ही गृहीतकं कुठे मोडतात ते पुढे येईलच.

आधी मुलाचा टेकऑफ. ए३२०ला रोटेशनला, म्हणजे धावपट्टीवरून नाक उचलायच्या क्षणी, आम्ही सेकंदाला साधारण तीन अंश या गतीने नाक उचलतो आणि दोन्ही इंजिनं चालू असताना १५ अंशांच्या आसपास नेतो. समजा हवेतला वेग १६० नॉट आहे आणि विमान मिनिटाला २००० फूट चढतंय. एक नॉट म्हणजे मिनिटाला साधारण १०० फूट, हा आमचा डोक्यातल्या डोक्यात करायचा हिशेब. म्हणजे विमान मिनिटाला १६,००० फूट पुढे आणि २००० फूट वर जातंय. आठास एक. वाटेचा कोन झाला सात अंश. नाक १५, वाट ७, अल्फा उरला ८. पंखाला १५ चा पत्ताच नाही, त्याला ८ कळतात. शिवाय त्या वेळी स्लॅट आणि फ्लॅप (पंखाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे सरकते भाग) बाहेर असतात, आणि स्लॅटमुळे पंख पुस्तकातल्या १५-१६ पेक्षा बराच जास्त अल्फा सोसतो. मुलाला सांगा, त्याने पिचची तुलना अल्फाच्या मर्यादेशी केली. दोन्ही अंशांत मोजतात एवढंच त्यांचं साम्य.

पण तो उडवून लावण्यासारखा प्रश्न नाही. तेच १५ अंश नाक ठेवलं आणि इंजिनांची ताकद गेली तर? वाट सातावरून तीनावर येईल, मग शून्यावर, मग उणे. नाक हललं नाही तरी अल्फा ८ वरून १२ वर, १५ वर, त्याच्याही पुढे जाईल. म्हणून एक इंजिन बंद पडलं तर ए३२०ला नाकाचं लक्ष्य १५ नसून साडेबारा असतं. नाक त्याच जागी ठेवून अल्फा वाढू शकतो, हे ज्याला पोटातून कळलं त्याला स्टॉल कळला. कसाऱ्याला बँकर इंजिनं का लागतात, तेच इथलंही कारण: चढ ताकदीतून मिळतो. फक्त ताकद कमी पडली तर गाडी रुळावर हळू होते, विमान मात्र वाट बदलतं.

आता क्रूझ, आणि माझा आवडता पुरावा. ए३२० तीस-पस्तीस हजार फुटांवर सरळ जात असतं तेव्हा नाक साधारण दोन-अडीच अंश वर असतं. उंची एक फूट वाढत नाही. वाट शून्य, म्हणून अल्फाही दोन-अडीच. केबिन क्रूला हे कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत असतं: जेवणाची ट्रॉली मागून पुढे ढकलताना चढ लागतो आणि ब्रेक न लावता सोडली तर ती मागे घरंगळते. अडीच अंश म्हणजे २३ ला १. कसारा घाटाच्या रेल्वेपेक्षा तीव्र चढ! आणि हा चढ ज्या विमानात आहे ते अजिबात चढत नाहीये. लांबच्या उड्डाणात सुरुवातीला विमान जड असतं तेव्हा हा कोन थोडा जास्त असतो, इंधन जळत जातं तसा कमी होतो, आणि आणखी वरच्या विरळ हवेत गेलं की पुन्हा वाढतो. एका जुन्या एअर होस्टेसने मला सांगितलं होतं की ट्रॉलीच्या वजनावरून तिला कळतं कॅप्टनने अजून वरची लेव्हल मागितली नाहीये. मला ते खरं वाटतं.

पंख धडावर बसवतानाच पुढची कड थोडी वर ठेवून बसवलेला असतो. त्यामुळे धडाला दोन-अडीच अंशांचा अल्फा दिसतो तेव्हा मुळाशी पंखाला त्याहून जास्त मिळत असतो. कुठे अल्फा धडापासून मोजतात, कुठे पंखापासून, म्हणून दोन पुस्तकांतले आकडे जुळत नाहीत. मुलाने परीक्षेत आधी हे वाचावं की कोन कोणत्या रेषेपासून मोजलाय.

आता तुमचा प्रश्न, उतरताना नाक वर का. दोन टप्पे वेगळे करते. उंचावरून खाली यायला सुरुवात करतो तेव्हा इंजिनं आयडलला, म्हणजे अगदी कमी ताकदीवर असतात आणि विमान तीनेक अंशांच्या उताराने खाली येत असतं. नाक मात्र क्षितिजाच्या आसपासच, अर्धा-एक अंश इकडे-तिकडे. प्रवाशांना वाटतं विमान घसरगुंडीसारखं नाक खाली घालून उतरतंय. नाही, ते जवळजवळ सपाट बसून उतरतंय. नाक शून्य, वाट उणे तीन, अल्फा तीन. क्रूझपेक्षा फारसा वेगळा नाही.

मग शेवटचा टप्पा, जो तुम्ही दहाव्या मैलावरून पाहिलात. इथे वेग कमी करावा लागतो, नाहीतर धावपट्टी पुरणार नाही. उचल वेगाच्या वर्गावर चालते. अडीचशे नॉटवरून एकशे पस्तीसला आलात तर तेवढ्याच पंखाची तेवढ्याच अल्फाला उचल जवळजवळ साडेतीन पट घटते. विमानाचं वजन मात्र तेच. ही तूट दोन ठिकाणांहून भरून काढायची: फ्लॅप काढून पंखाचा आकार बदलायचा आणि अल्फा वाढवायचा. ग्लाइड स्लोप, म्हणजे धावपट्टीकडे नेणारा ठरलेला उतार, तीन अंशांचा असतो. १९ ला १, घाटाच्या दुप्पट तीव्र. पूर्ण फ्लॅप असलेलं ए३२० त्यावर अडीच-तीन अंश नाक वर ठेवून येतं. तीन वजा उणे तीन, अल्फा सहा. खालून पाहणाऱ्याला पिच दिसतो, म्हणजे तीन. खरा कोन त्याच्या दुप्पट आहे आणि तो डोळ्याला दिसत नाही, कारण वाट दिसत नाही.

नाक वर हवंच याला आणखी एक साधं कारण आहे. मागची मुख्य चाकं आधी टेकली पाहिजेत. नाकाचं चाक बारीक, ते पहिल्यांदा आपटलं तर तुटतं किंवा विमान उसळ्या मारतं. म्हणून शेवटच्या तीस फुटांत आम्ही नाक आणखी दोन-तीन अंश उचलतो. पण तिथेही लक्ष्मणरेषा आहे. ए३२१ लांब आहे. शॉक ॲब्सॉर्बर दाबलेले असताना नाक ९.७ अंशांवर गेलं की शेपूट धावपट्टीला घासते. ए३२०ला तीच मर्यादा ११.७. दोन अंशांचा फरक कागदावर काहीच नाही, पण एकावरून दुसऱ्यावर आलेल्या वैमानिकाला तो पहिले काही महिने झोपेतही आठवतो. आणि बघा, शेपूट घासण्याचा संबंध निव्वळ पिचशी आहे, अल्फाशी नाही. डांबराला वाऱ्याशी काय देणंघेणं? काही धोके पिचचे असतात, काही अल्फाचे, आणि वैमानिकाला दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात.

पुढच्या वेळी त्याच जागी उभे राहाल तेव्हा एटीआर येताना दिसलं तर ए३२०शी तुलना करा. पंख्यावालं एटीआर नाक जवळजवळ सपाट किंवा किंचित खाली घालून येईल. उतार तोच. फरक असा की त्याच्या पंखाला स्लॅट नाहीत, पंख सरळ आहे आणि फ्लॅप मोठे आहेत. मोठा फ्लॅप कमी अल्फाला भरपूर उचल देतो, मग नाक वर करायची गरज उरत नाही. याच्या उलट टोकाला कॉन्कॉर्ड. त्रिकोणी पंख, फ्लॅप नाहीत, अल्फा १४ अंशांच्या आसपास. नाक इतकं वर यायचं की वैमानिकाला धावपट्टीच दिसेना, म्हणून नाकाचा पुढचा भाग खाली वाकवायची सोय करावी लागली. आपल्या ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात बनलेल्या मिग-२१चाही पंख त्रिकोणी. ज्यांनी ते उतरताना पाहिलंय त्यांना तो नाक उगारून येणारा थाट आठवत असेल. तेव्हा ‘उतरताना नाक किती वर असतं’ याला एकच उत्तर नाही. कोणतं विमान, किती वजन, किती फ्लॅप, सगळ्यावर अवलंबून आहे.

वारासुद्धा त्यात हात घालतो. जोराचा समोरचा वारा असेल तर जमिनीवरची वाट तीन अंशांचीच राहते, पण हवेच्या हिशेबात ती उथळ होते, मग तेवढ्याच अल्फासाठी नाक अर्धा-एक अंश आणखी वर येतं. आणि वारा उभा असेल तर गंमत वेगळीच. आमचे आजोबा येवल्याचे. संक्रांतीला तीन दिवस गच्चीवरून हलायचे नाहीत, मी आसारी (मांजाची फिरकी) धरून शेजारी. ते म्हणायचे, पतंग हाताने उडत नाही, कणीने उडतो. वरचा दोरा दोन बोटं आखडला की पतंग वाऱ्यावर आडवा पडतो, सैल केला की उभा राहतो. फार नंतर, ग्राउंड स्कूलमध्ये बसल्यावर कळलं की आजोबा अल्फा बांधत होते. पण पतंग एक फसवी गोष्टही शिकवतो. पतंग एका जागी असतो आणि वारा बहुधा आडवाच येतो, त्यामुळे जमिनीचा कोन आणि वाऱ्याचा कोन एकच होऊन बसतात. दुपारी तापलेल्या पत्र्यांवरून गरम हवा वर आली की मात्र पतंग कोणी हात न लावता झटका मारून चढतो. तो तिरपा तेवढाच असतो, वारा खालून आलेला असतो.

मोठ्या विमानात हाच झटका म्हणजे टर्ब्युलन्स. क्रूझला विमान सेकंदाला साधारण २३० मीटर जातंय. खालून सेकंदाला दहा मीटरचा झोत लागला तर अल्फा एकदम अडीच अंशांनी वाढतो. नाक अजून हललेलं नाही, पिचच्या आकड्यात काही दिसत नाही, पण अल्फा जवळजवळ दुप्पट झाला. कप सांडतात ते यामुळे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एवढा महत्त्वाचा कोन आहे तर कॉकपिटमध्ये त्याचं घड्याळ का नसतं? लढाऊ विमानात असतं. बहुतेक प्रवासी विमानांत नसतं, किंवा घेणाऱ्याच्या मर्जीवर असतं. पण नाकाच्या दोन्ही बाजूंना हाताच्या बोटाएवढी छोटी पाती असतात. वारा जिकडून येईल तिकडे ती वळतात आणि अल्फा मोजतात. ए३२०वर अशी तीन आहेत. हा आकडा आम्हाला उघडपणे मिळत नाही, तो वेगाच्या पट्टीवर वेश बदलून येतो. पट्टीच्या खालच्या बाजूला एक पिवळी-काळी आणि तिच्याखाली लाल खूण सरकत असते. ती पात्यांनी मोजलेल्या अल्फावरून काढलेली असते. आम्ही वेग पाहतो असं आम्हाला वाटतं, खरं तर अल्फाची सावली पाहत असतो.

पाती खोटं बोलली तर काय होतं तेही आपण पाहिलं. नोव्हेंबर २००८ मध्ये फ्रान्सच्या पर्पिन्याँजवळ एका ए३२०ची तीनपैकी दोन पाती रंगकामाआधी विमान धुताना शिरलेल्या पाण्याने उंचावर गोठली. अडकलेली दोन एकमेकांशी जुळली, संगणकाने बहुमताला मान देऊन बरोबर असलेल्या तिसऱ्याला बाजूला सारलं. सात माणसं गेली. ७३७ मॅक्सचे दोन अपघात, ऑक्टोबर २०१८ मध्ये इंडोनेशिया आणि मार्च २०१९ मध्ये इथिओपिया, एका बाजूच्या पात्याच्या चुकीच्या आकड्यावरून सुरू झाले. इथिओपियाच्या विमानात डावीकडचा आकडा ७४.५ अंश होता, उजवीकडचा १५.३. संगणकाने डाव्यावर विश्वास ठेवून नाक खाली ढकललं. दोन्ही मिळून ३४६ माणसं गेली.

पण पिच आणि अल्फा यांची गल्लत किती महाग पडते हे कोणाला शिकवायचं असेल तर मी एअर फ्रान्स ४४७ उघडते. १ जून २००९, रिओहून पॅरिसला निघालेलं ए३३०, २२८ माणसं. रात्री अटलांटिकवर वेग मोजणाऱ्या नळ्या बर्फाने बुजल्या, ऑटोपायलट सुटला, आणि को-पायलटने स्टिक मागे ओढली. विमान ३८ हजार फुटांपर्यंत चढलं, वेग संपला, स्टॉल झालं. तिथून समुद्रापर्यंत साडेतीन मिनिटं लागली, आणि त्या काळात नाक बहुतेक वेळ क्षितिजाच्या वरच होतं. शेवटची नोंद बघा: नाक १६.२ अंश वर, जमिनीवरचा वेग १०७ नॉट, खाली पडण्याचा वेग मिनिटाला १०,९१२ फूट. मघाचा हिशेब लावा. पुढे मिनिटाला साधारण १०,८०० फूट, खाली १०,९०० फूट. वाट ४५ अंश खाली! नाक मात्र टेकऑफला असतं तसं. स्टॉल झाल्यानंतर त्यांचा अल्फा ३५ अंशांच्या खाली आलाच नाही. समोर काळोख, पडद्यावर नाक वर. विमान पडतंय हे त्या माणसांना उंचीच्या घसरत्या आकड्यांतून दिसत होतं, पण नाक वर असताना ते मनाला पटत नाही. पटत नाही हे मी सिम्युलेटरमध्ये डोळ्यांनी पाहिलंय, चांगल्या, हुशार पोरांच्या बाबतीत. तुमच्या मुलाच्या पुस्तकातला १५-१६चा आकडा इथेही फसवतो. ध्वनीच्या वेगाच्या ८० टक्क्यांवर त्या विमानाची स्टॉलची घंटा अल्फा चारच्या आसपास असतानाच वाजायला लागते. वर, वेगात, गंगाजळी फार थोडी असते.

माझीही एक गोष्ट सांगते. तेव्हा ७३७वर होते, को-पायलट, पहिलंच वर्ष. पावसाळ्यातला दिवस, किनाऱ्यावरचा विमानतळ, विमान माझ्या हातात. हजार फुटांखाली समोरचा वारा एकाएकी पडला, वेग दहा नॉट उतरला आणि विमान ग्लाइडच्या खाली बसायला लागलं. मी काय केलं? नाक दोन अंश ओढलं. विमान खालीच. आणखी एक अंश. डावीकडून कॅप्टनचा हात आला, थ्रस्ट पुढे गेला, ‘आय हॅव कंट्रोल’, आणि आम्ही गो-अराउंड घेतला, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो. वर जाऊन सगळं स्थिर झाल्यावर त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “नाक कुठे होतं गं?”

“साडेपाच, सर.”

“आणि विमान कुठे चाललं होतं?”

“खाली.”

“मग मधले अंश कोणी खाल्ले?”

मी गप्प. ते अंश अल्फाने खाल्ले होते, आणि अल्फाबरोबर वाढलेल्या ड्रॅगने, म्हणजे हवेच्या अडथळ्याने, उरलासुरला वेग खाल्ला होता. मला हवी होती ताकद, मी मागत होते नाकाकडे. नंतर सिममध्ये शिकवताना हा प्रश्न मी निर्लज्जपणे स्वतःचा म्हणून वापरला.

पूर्वी स्टॉलच्या सरावात भर असायचा तो पूर्ण ताकद लावून कमीत कमी उंची गमावण्यावर. आता पहिलं काम नाक खाली, म्हणजे अल्फा कमी, ताकद त्यानंतर. उंची गेली तर जाऊ दे. माझ्या मते हा बदल फार उशिरा आला.

एवढं ऐकल्यावर मुलगा म्हणेल, मग पिच बघायचाच कशाला. थांब म्हणावं. आम्ही उडवतो पिचनेच. हातात असलेली, डोळ्यासमोर दिसणारी, लगेच बदलणारी गोष्ट तीच आहे. आणि ठरावीक पिचला ठरावीक ताकद जोडली की वाट आणि अल्फा आपोआप ठरतात. वेगाचे सगळे आकडे बेभरवशाचे झाले तर ए३२०वर आम्हाला पाठ असतं: टेकऑफनंतर लगेच १५ अंश आणि पूर्ण ताकद, त्यावर, पण दहा हजार फुटांखाली, १० अंश आणि क्लाइंबची ताकद, दहा हजारांवर ५ अंश आणि क्लाइंबची ताकद. अल्फाचा उल्लेख कुठेच नाही, पण तिन्ही आकडे अल्फा सुरक्षित राहील अशा बेताने निवडलेले आहेत. शिवाय आमच्या पडद्यावर ‘बर्ड’ नावाचं एक छोटं हिरवं चिन्ह लावता येतं. ते विमान प्रत्यक्षात कुठे चाललंय ते दाखवतं. नाकाची खूण आणि बर्ड यांच्यातलं अंतर म्हणजे शांत हवेत तुमचा अल्फा, उघड्यावर टांगलेला.

शेवटी तुम्ही विचारलंय की फोनवरच्या लेव्हलच्या ॲपने हे विमानात मोजता येईल का. क्रूझमध्ये येईल. विमान स्थिर असताना फोन आर्मरेस्टवर लांबीच्या दिशेने ठेवा. ट्रे-टेबल वापरू नका, ते बहुधा वाकडंच असतं. दोन-अडीचच्या आसपास आकडा दिसेल, आणि वाट शून्य असल्यामुळे तोच तुमचा अल्फा. टेकऑफला मात्र फोनवर विश्वास ठेवू नका. धावपट्टीवर तिन्ही चाकं जमिनीवर असतानाच तो ११-१२ अंश नाक वर दाखवायला लागेल, कारण त्याला गुरुत्वाकर्षण आणि पुढे ढकलणारा प्रवेग वेगळे ओळखता येत नाहीत. तुमच्या कानातल्या यंत्रणेलाही येत नाहीत. काळोख्या रात्री समुद्राकडे टेकऑफ करताना हाच भास वैमानिकालाही होतो, म्हणून त्या वेळी नजर पडद्यावरच्या पिचवर ठेवायची, पाठीला सीट कशी लागतेय त्यावर नाही. मुलाला सांगा, दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहून ठेव, आणि धावपट्टीवरच्या ११-१२ अंशांवरून विमानाचा प्रवेग काढून दाखव. उत्तर सेकंदाला सेकंदी दोन मीटरच्या आसपास आलं पाहिजे.